कुठल्या बाजूला बसायचं?

पंडिता रमाबाईंची साक्ष १९०७ साली प्रसिद्ध झाली. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून साक्ष म्हटली की ‘मी असा होतो, प्रभूने मला असं केलं’ एवढ्यावर ती आटोपते. रमाबाईंची तशी नाही. पुराणं सांगत देशभर पायी फिरलेली, शास्त्रं मुखोद्गत असलेली ही बाई म्हणते की या ग्रंथांचं आपापसांत कशावर म्हणून एकमत नाही, दोन गोष्टी सोडून. एक, बायका, मग त्या वरच्या जातीच्या असोत की खालच्या, मुळातच वाईट, राक्षसांहून वाईट. दुसरी, त्यांना पुरुषांसारखा मोक्ष मिळायचा नाही. नवऱ्याला देव मानावं, पुण्य साठवावं आणि पुढच्या कुठल्यातरी जन्मी उच्च जातीचा पुरुष होऊन यावं. मग वेद, मग ज्ञान, मग सुटका.

रमाबाई हे रागाने लिहितात, ते लपत नाही. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई याच मुलखात रमाबाईंच्या कितीतरी आधी होऊन गेल्या आणि विठ्ठलापाशी पोचायला त्या पुरुषजन्माची वाट बघत बसल्या नाहीत, असं माझी वारकरी घरातली मैत्रीण मला दरवेळी सुनावते. बरोबर आहे तिचं. पण रमाबाईंचं बालपण वारीत गेलं नाही, शास्त्र्यांच्या पंगतीत गेलं. तिथे जे त्यांच्या कानावर पडलं ते त्यांनी लिहिलं.

मला त्यातली ती अट डाचते. मोकळं व्हायचं असेल तर आधी पुरुष व्हा. ही अट काही एकाच धर्माची मिरास नाही. आमच्या घरातही ती सापडते, आणि अगदी जुन्या, पवित्र जागी सापडते. इसवी सन २०३. कार्थेज शहर. पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची बाई, अंगावर पिणारं मूल, ख्रिस्ती झाली म्हणून तुरुंगात. तिने तुरुंगात लिहिलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. श्वापदांपुढे टाकायच्या आदल्या दिवशी तिला दृष्टान्त होतो. ती आखाड्यात उभी आहे, समोर एक अक्राळविक्राळ मल्ल. तिचे कपडे उतरवले जातात आणि ती म्हणते, मी पुरुष झाले. मग ती कुस्ती जिंकते. तिच्याबरोबर फेलिसिती नावाची दासी होती, तुरुंगातच बाळंत झालेली. दोघी एकत्र मेल्या. आमच्या चर्चने दोघींना संत मानलं. तरी जिंकण्यासाठी पर्पेतुआला स्वप्नात का होईना पुरुषाचं अंग घ्यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी पणजी केडगावची. म्हणजे तिचं मूळ गाव केडगाव नव्हे. आपण कुठल्या हे तिला नीट सांगता येत नसे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन ज्या शेकडो मुली आणल्या, त्यांत ती होती. आईबाप गेलेले, गावाचं नाव विसरलेलं, जात कुणाला माहीत नाही. तिचं पहिलं नावही तिच्याबरोबर आलं नाही. जे नाव आम्हाला ठाऊक आहे ते केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मिळालेलं. आजी सांगायची, पणजी मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायची. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि जुळणीपासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकाच करत होत्या. खिळा उलटा असतो. ओळ उलटी वाचत जुळवावी लागते. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, प्रत्येकाचं घर वेगळं, आणि हात न बघता त्या घरात गेला पाहिजे. पणजीला म्हणे शेवटपर्यंत उलटं छापलेलं सुलट्यापेक्षा भराभर वाचता यायचं. अंगठ्याच्या पेरात शाई कायमची बसलेली. १९२१ साली रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या. भाषांतर पुरं करूनच गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ ला.

ज्या बाईला बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, जातीचं नाव नाही, ती कोण? त्या काळच्या महाराष्ट्रात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाई म्हणजे कुणाची तरी मुलगी, मग कुणाची तरी बायको. सासरी गेल्यावर नाव बदलायचं ते आडनावापुरतं नाही, हाक मारायचं नावसुद्धा. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. पणजीकडे बदलायलाच काही नव्हतं. तिला जे मिळालं ते बाप्तिस्म्याचं नाव, आणि ते कुणाच्या मालकीतून आलेलं नव्हतं.

बाप्तिस्मा आमच्याकडे रविवारच्या उपासनेत होतो. बाळ रडत असतं, मामी-मावशा झालर लावलेलं टोपडं सावरत असतात, कुणीतरी मोबाइल उंच धरून शूटिंग करत असतं. पाळकसाहेब बाळाला हातावर घेऊन विचारतात, नाव काय? आणि त्या नुसत्या नावाने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, पाणी. तेवढ्या वेळापुरतं त्या बाळाला मधलं नाव नसतं, आडनाव नसतं. मुलगा असो की मुलगी, पाणी तेच, शब्द तेच. बायबलात गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हेच सांगतो: ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्त अंगावर घातला आहे, म्हणून आता यहूदी आणि हेल्लेणी म्हणजे ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरला नाही. पौलाची बाकीची पत्रं वाचली तर हे वाक्य त्यालाही झेपलं नसावं असं वाटतं. करिंथकरांना लिहिताना तो बायकांना मंडळीत गप्प बसायला सांगतो. पण वाक्य लिहून झालं होतं.

रमाबाईंनी ते गंभीरपणे घेतलं, आणि तिथेच पंचाईत झाली. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या, शिकवूही लागल्या. तरुण साहेबांनाही त्यांनी शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परत गेल्यावर याचा बोभाटा होईल, तिकडे बाईने पुरुषांना शिकवलेलं चालत नाही, असा त्यांचा सूर. रमाबाईंनी उलट लिहिलं की माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलं, मी शिकवलं, माझ्या वडिलांनी नाही की नवऱ्याने नाही, कुणी आडकाठी केली नाही, मग तुम्हाला काय झालं? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून केवढं वैर पत्करलं होतं! त्यांच्या लेकीला आता लाहोरचे आणि मुंबईचे बिशप हिंदू रीत समजावून सांगत होते. मी ही पत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसले होते.

त्यांचं आणखी एक उत्तर तर मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या प्रत्येक पंचकमिटीच्या खोलीत लावून ठेवावं असं आहे. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळकाच्या किंवा बिशपाच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं, ते दुसऱ्याचं घालून घेण्यासाठी नव्हे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त आहे, हाही वाद त्यांनी घातलाच. साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही, केस विधवेसारखे आखूड ते आखूडच ठेवले. मेरी रमा असं नाव बाप्तिस्म्यात मिळालं. लोकांनी शेवटपर्यंत पंडिता रमाबाईच म्हटलं.

लक्ष्मीबाईंची तऱ्हा निराळी. नवरा १० फेब्रुवारी १८९५ ला ख्रिस्ती झाला. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नारायण वामन टिळकांचं नाव गाजलेलं, त्यांच्या मागून मुकाट्याने गेल्या असत्या तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्या गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्या तरी सोवळं पाळलं, चूल वेगळी मांडली, भांडल्या, प्रश्न विचारले, आणि १९०० साली स्वतःला पटलं तेव्हा बाप्तिस्मा घेतला. टिळकांची बायको म्हणून नाही. या एका गोष्टीसाठी मला त्या टिळकांपेक्षा मोठ्या वाटतात, आणि टिळकांनाही बहुधा तसंच वाटत असावं.

टिळकांनी ख्रिस्ताला आई केलं, हे मात्र त्यांचं आमच्यावर ऋण आहे. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरुमाउली आहे. वारकऱ्यांनी ज्ञानोबाला माउली म्हटलं, विठोबाला विठाई म्हटलं. एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या मुलाला साऱ्या महाराष्ट्राने आई म्हणून हाक मारली आणि कुणालाही त्यात अवघडल्यासारखं झालं नाही. टिळक ते उचलून थेट उपासनेत घेऊन आले. आमच्या देवळात दाढीमिशीवाल्या ख्रिस्ताच्या तसबिरीखाली उभे राहून म्हातारे पुरुष त्याला आई म्हणून गातात, गाताना रडतात. शास्त्राला धरूनच आहे हे. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला गोळा करायचं माझ्या किती मनात होतं, असं येशू यरुशलेमेला म्हणतो. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. गाण्यात आम्हाला हे सगळं चालतं.

गाणं संपल्यावर मात्र पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात.

हे आमच्या गावच्या देवळाचं. नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं, दगडी, वर पत्रा. पुण्या-मुंबईच्या चर्चमधून कुटुंबं एकत्र बसतात, गावाकडे अजून मधून वाट आणि दोन बाजूंना सतरंज्या. मागच्या नाताळच्या उपासनेला आमच्या भावकीतलं एक लेकरू बऱ्याच वर्षांनी आलं. शब्बाथ शाळेत माझ्या हाताखाली होतं. मुलगा म्हणून वाढलेलं, पाठांतरात पहिलं, स्तोत्र तेवीस एका दमात म्हणणारं. मग शिक्षणाला शहरात गेलं, आणि तिकडचं एकेक कानावर येत राहिलं. मोहरीच्या रंगाची सुती साडी, निऱ्या घाईत घातलेल्या, खांद्यावर पदराला पिन. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘सलाम आत्या. मी आले.’

मी ‘ये’ म्हटलं. पुढे काय, ते मलाही सुचेना. उजवीकडे तिचे चुलते बसले होते. डावीकडे भगिनी मंडळाच्या बायका, त्यांच्या माना वळलेल्या. कुणी सरकून जागा केली नाही, कुणी नको म्हटलं नाही. गुडघे धरलेल्यांसाठी अगदी मागे, वाटेच्या तोंडाशी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. त्यांतल्या एकीवर ती बसली. आपल्या आजोबांच्या शेजारी. ते ऐंशीच्या पुढचे, त्यांना दिसत कमी, त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही. त्यांना काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही.

नंतर तिने अर्ज दिला. मंडळीच्या सभासदांच्या नोंदवहीत तिचं जुनं नाव होतं, ते बदलून हवं होतं. आधार कार्डावर झालं होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपण कोण हे सांगायचा हक्क ज्याचा त्याला आहे असं म्हटलं, २०१९ मध्ये कायदा झाला, जिल्हाधिकारी कचेरीतून दाखला मिळतो. सरकारदरबारी जे निभावलं ते देवळात अडलं. पंचकमिटीत एकाने विचारलं, नाव बदलायचं म्हणजे बाप्तिस्माच बदलायचा का? दुसरा म्हणाला, परदेशातलं खूळ आपल्याकडे नको. या दुसऱ्याला मात्र मी सोडलं नाही. मराठी राज्यात हिजड्यांना गावोगाव मागून खायचे वंशपरंपरागत हक्क होते, काहींना इनाम जमिनी होत्या. ते हक्क मोडून काढले ते कंपनी सरकारने. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात हिजड्यांसाठी वेगळा भागच होता: नावं नोंदवा, चारचौघांत बायकी कपडे घालाल तर पकडू. तो लागू केला तो उत्तरेकडे, आपल्याकडे नाही, पण तो करणारं सरकार रविवारी चर्चला जाणारं होतं. परदेशातून आलेलं काय आणि इथलं काय, याचा हिशेब आम्ही ख्रिस्ती माणसांनी तरी जरा जपून मांडावा.

पाळकसाहेबांशी बोलणं वेगळं. ते वाईट गृहस्थ नाहीत. पावसात मोटारसायकलवरून वस्त्यांवर प्रार्थनेला जातात, वेळी-अवेळी. त्यांनी चहा मागवला आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर आणि नारी अशी ती निर्माण केली. यापुढे मी काय बोलणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर. मी म्हटलं, साहेब, मग यशया छप्पन्न काढा.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात नियम आहे की ज्याचं पुरुषत्व ठेचलं किंवा कापलं गेलं त्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. यशयात देव स्वतःच तो नियम ओलांडतो. नपुंसकाने असं म्हणू नये की मी शुष्क झाड आहे. माझे शब्बाथ जे पाळतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलगे आणि मुली यांच्याहून चांगलं असं नाव देईन, कधीही पुसलं न जाणारं. मुलगा-मुलगी दोन्हींहून चांगलं. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत टाकलं तेव्हा राजवाड्यातल्या सगळ्या सरदारांत त्याच्यासाठी बोलायला गेला तो एबद-मलेख, कूशी म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, राजाच्या घरातला एक नपुंसक. तीस माणसं घेऊन गेला, पण त्याच्या आधी भांडारघराखालच्या खोलीतून जुनी फाटकी लुगडी-चिंध्या शोधून काढल्या आणि दोराने खाली सोडल्या. म्हणाला, या बगलेत घाल, मग दोर लाव. दोर काचू नये म्हणून. सगळ्या बायबलात इतकं आईपण मी क्वचित कुठे वाचलंय. यरुशलेम पडल्यावर त्याला जिवंत राखण्याचं वचन देवाने नाव घेऊन दिलं.

आणि प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर रथ चाललाय, कूशी राणीचा खजिनदार यरुशलेमेहून उपासना करून परत निघालाय. तोही नपुंसक. त्याला त्या मंदिरात कुठपर्यंत जाऊ दिलं असेल कोण जाणे. तो मोठ्याने यशया त्रेपन्न वाचतोय, आणि फिलिप्प नावाचा सुवार्तिक रथाशेजारून धावत विचारतो, वाचताय ते कळतंय का? पुढे पाणी दिसतं तेव्हा त्याचा प्रश्न, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प उत्तरच देत नाही. दोघे पाण्यात उतरतात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मधे काहीच नाही. पुढच्या कुणातरी लेखनिकाला ते सोसलं नाही आणि त्याने एक वचन घातलं, ‘तू अंतःकरणापासून विश्वास धरत असशील तर चालेल’. म्हणून आमच्या जुन्या बायबलांत सदतिसावं वचन दिसतं. पण त्या घुसडणाऱ्यानेही अट घातली ती विश्वासाची. तू नेमका कोण, पुरुष की बाई, हे त्यानेही विचारलं नाही.

पाळकसाहेबांनी चहा संपवला. मग ते जे म्हणाले ते मला टाळता आलं नाही. ‘बाई, हे नपुंसक आपण होऊन झालेले नव्हते. आणि देहाचं काय? आपला प्रभू देहात आला, देहाने मेला, देहाने उठला. देह म्हणजे नुसता अंगरखा, आतला खरा मी वेगळाच, हे तर आपण पहिल्या शतकापासून पाखंड मानत आलो.’

बरोबर आहे. हे मीही मानते. आजकाल जे सर्रास ऐकू येतं, की मी म्हणजे माझ्या मनात येईल ते आणि देह म्हणजे फक्त माल, ते मला ख्रिस्ती म्हणून गिळवत नाही. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकनने, एप्रिल २०२४ मध्ये मानवी प्रतिष्ठेवर जो दस्तऐवज काढला त्यातली काळजीही हीच आहे: देह ही देणगी आहे, आपण आपले कर्ते नव्हे. त्याच रोमने काही महिने आधी, २०२३ मध्ये, लिंगबदल केलेल्या माणसाला बाप्तिस्मा घेता येतो असंही लिहून दिलं होतं. दोन्ही कागद एकाच कचेरीतले. मला यात ढोंग दिसत नाही. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरायला त्यांनाही माझ्याइतकंच जड जात असावं.

पण उठलेला देह कसा होता? योहानाचा विसावा अध्याय मी त्यांच्यापुढे सरकवला. मरिया मग्दालिया बागेत उभी आहे. येशू पुढ्यात आहे, सदेह, आणि तिला ओळखू येत नाही. माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो, ‘मरिये’, तेव्हा ओळख पटते. त्याच अध्यायात थोमाला ओळख पटते ती हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांवरून आणि कुशीतल्या भोकावरून. म्हणजे जे अंग येशूच्या आईने जन्माला घातलं ते जसंच्या तसं परत आलं नाही. माणसांनी त्या अंगाला जे केलं ते त्यावर तसंच होतं, आणि ते पुसून टाकायचं देवाच्या मनात आलं नाही. देह आहेच. पण तो जन्माच्या दिवशी मिळाला तसा सीलबंद परत करायची ठेव नाही. आणि ओळख आधी हाकेने पटली, मग जखमांनी. नुसत्या अंगाकडे बघून कुणालाच पटली नाही.

पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हाक कुणाची आहे हे कसं ठरवायचं?’

हा खरा प्रश्न, आणि तो त्यांनी विचारला याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. मी तोच तिला विचारला, फोनवर. ती म्हणाली, ‘आत्या, मी निवडलं असतं तर सोपं निवडलं असतं.’ मी म्हटलं, देवळात निजलेला लहानगा शमुवेलसुद्धा देवाच्या हाकेला एली याजकाची हाक समजून तीनदा धावत गेला. ती म्हणाली, ‘हो, आणि एलीने त्याला हाकलून नाही दिलं. जाऊन नीज, परत ऐकू आलं तर सांग, म्हणाला.’ शब्बाथ शाळेत पाठांतर करून घेतलं की ते असं अंगावर येतं. एली म्हातारा होता, दिसत नव्हतं, घरचे मुलगे वाया गेलेले, तरी त्याला एवढं कळलं की हाक पारखायला लेकरू देवळातच, दिव्याजवळ निजलेलं असावं लागतं. बाहेर रस्त्यावर नाही.

आमच्या चर्चला असे निर्णय घ्यायला वेळ लागतो. बाई उपदेशपीठावर चढू शकते का यावर आम्ही पिढ्या घालवल्या. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियात ई. पुष्पा ललिता नंद्याळच्या बिशप झाल्या तेव्हा आमच्याकडच्या काही वडिलांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं होतं, बोलले काही नाहीत. रमाबाईंना तरुण पुरुषांना शिकवू नका म्हणणाऱ्यांची नावं आज फक्त रमाबाईंच्या पत्रांमुळे आठवतात. त्या वेळी मात्र निर्णय त्यांच्या हातात होता, आणि रमाबाईंना तो सोसावा लागला.

पंचकमिटीने अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. ईस्टरनंतर बघू म्हणतात. नोंदवही शोधली तेव्हा निघालं की बाप्तिस्म्याच्या पानावर तिचं नाव ज्या सेक्रेटरींनी लिहिलं त्यांनी आडनाव चुकवलं होतं आणि ते कुणी आजवर दुरुस्त केलेलं नाही. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. यशया, एबद-मलेख, रथ, मरिया, रमाबाईंचं लाहोरच्या बिशपांना उत्तर, सगळं. तू त्या परंपरेतली आहेस, म्हटलं. तुला ठाम उभं राहिलं पाहिजे.

तिकडून काही वेळ कुकरच्या शिट्ट्याच ऐकू आल्या.

‘आत्या,’ ती म्हणाली, ‘मला रमाबाई नाही व्हायचंय. मला बाकीच्यांसारखं दुसरं गीत सुरू झाल्यावर यायचंय आणि उपदेशात डुलक्या घ्यायच्यात. तेवढं बघ कमिटीत.’